नीलमच होता

अरुशा, टांझानिया
१२ जानेवारी १९७५

चि. सौ. तुळसास हिरालालचे अनेक आशीर्वाद.

चिखल्याच्या खाणीत पंप दुरुस्त करायचो, इथल्या खाणीवरही तेच करतो. नागपूरला निघालेल्या ओळखीच्या माणसाजवळ डोमाजींसाठी खडा पाठवत आहे. तुमच्या लग्नात जवायाला काही देता आलं नव्हतं. हा खडा जगात याच टेकडीत सापडतो म्हणतात. निघतो तपकिरी, मळकट. तापवला की निळा. म्हातारे सांगतात, वीज पडून गवत पेटलं, त्या आगीत पहिले खडे निळे झाले. उन्हात धर, मग जरा फिरव, जांभळा दिसेल. मला तर जवसाचं फूल आठवतं.

लोभ आहेच, तो दूर देशी पोचावा.
तुझा दादा


बपेरा
२० एप्रिल १९७५

ती. दादास तुळसाचा शि. सा. न. वि. वि.

खडा पोचला. यायनं अंगठी करून घेतली अन् गावभर हात हालवत फिरून राहिले! जेवतानाही बोट माह्या नाकापाशी. तुमसरच्या सोनारानं नीलम म्हटलं, तवापासून सासूबाई भेदरल्या. शनीचा खडा म्हणे, कोणाले राजा करते, कोणाले खाते. उशाशी ठेवून स्वप्न पाहिल्याबिगर घालू नये. मी म्हटलं, माह्या दादानं पाठवला, तो वाईट कसा असन?

राखीले ये. लोभ पत्रातून नको, समोर बसून दे.
तुळसा


अरुशा
२५ ऑगस्ट १९७५

चि. तुळसास आशीर्वाद.

सौ. लिहायला गेलो आणि हात थांबला. गं. भा. माझ्यानं लिहवत नाही. तुमच्या गावच्या मारोतरावकाकांनी कळवलं, धानाच्या रोवण्यात साप डसला, डोमाजी गेले. इतक्या दुरून तुझ्या डोक्यावर हातही ठेवता येत नाही गं.

नीलमानं खाल्लं म्हणून तुझ्या सासूबाई गिरजाबाईंनी अंगठी नदीत फेकली, हेही काकांनी लिहिलं. तुळसा, तो नीलम नव्हताच! आठ वर्षांपूर्वी या खड्याचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं, मग शनीला कुठून असणार? पारख्याचा कागद घेऊन दिवाळीला येतो. सासूबाईंना पटवूनच परतेन.

दादा


बपेरा
१५ सप्टेंबर १९७५

ती. दादास शि. सा. न.

येऊ नको. कागद तर आणूच नको. नीलम नव्हता, तुझं खरं आहे. पण यायले घरी आणलं तवा सासूबाई पहिले मलेच म्हणाल्या, पांढऱ्या पायाची, माह्या लेकराले खाल्लं. मग त्यायची नजर अंगठीवर गेली अन् सारं खड्यावर गेलं. आता त्या मले बळेच जेवू घालतात, जवळ घेऊन रडतात. खडा निर्दोष ठरला का ते सारं पुन्हा माह्यावर येते. माय-बाप राहिले नाहीत, मी कुठी जाऊ? मले याच घरी जगायचं आहे दादा.

तुळसा


अरुशा
४ ऑक्टोबर १९७५

ती. गिरजाबाईंस हिरालालचे शि. सा. न. वि. वि.

इथल्या पारख्याला विचारलं. तुमचंच खरं निघालं, तो नीलमच होता. उशाशी ठेवून पाहा, एवढं मी कळवायला हवं होतं. दोष सगळा माझा. तुळसाला यातलं काही ठाऊक नव्हतं. मला हव्या तेवढ्या शिव्या द्या, तिला पदराखाली राहू द्या.

माझं तोंड तुम्हाला बघवणार नाही. दिवाळीला येत नाही, पुढंही तुमच्या दारी येणार नाही. भाऊबीजेला तिनं चंद्राला ओवाळावं.

लोभ माझ्यावर नसला तरी चालेल, तिच्यावर असू द्यावा, ही विनंती.

हिरालाल