प्यादं एक घर मागे

॥ श्री ॥
कोसाड, सुरत
९ फेब्रुवारी १९९७

ती. हिलालभाऊंना कुसुमचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आणि त्यातलं हत्तीचं कोडं मिळालं. तीन दिवस पोळ्या लाटताना डोक्यात तेच होतं. काल सुटलं. आधी हत्ती मारू द्यायचा, मग प्यादं ढकलायचं. पण आज उत्तरापेक्षा दुसरंच सांगायचं आहे, आणि रागाच्या भरात लिहिते आहे, अक्षर सांभाळून घ्या.

इथे आपल्या खानदेशी लोकांचं एक साप्ताहिक निघतं. रविवारी लूमवरची माणसं चहाच्या गाडीवर त्यातलं बुद्धिबळाचं सदर उघडून बसतात. आज ह्यांनी अंक घरी आणला. पट पाहिला आणि ओळखलाच. आपल्या आप्पांचं दोन घोड्यांचं कोडं, मला गोवर निघाला होता तेव्हा त्यांनी अंथरुणाशी बसून शिकवलेलं. खाली छापलं होतं, रचना : बन्सीलाल, कामरेज. मग ह्यांनी चार ठिकाणांहून जुने अंक मागून आणले. दोन वर्षं, भाऊ. दर आठवड्याला आप्पांचं एक कोडं, आणि आप्पांचं नाव कुठेही नाही.

आप्पांच्या दहाव्याला आला होता तो हाच बन्सीलाल, त्यांचा लाडका शिष्य. आप्पांची कोड्यांची वही स्वच्छ अक्षरात उतरवून परत देतो म्हणाला. वही तुम्हीच काढून दिलीत. हे बोलणार नव्हते, पण बोलले. जन्मभर मिलच्या सायझिंग खात्यात सुताला खळ देत राबलेल्या माणसाची एकच हौस होती, आपलं नाव एकदा छापून यावं. त्याच्यावरच ह्याने डल्ला मारला. मला ह्या माणसाची फजिती बघायची आहे, तीही चारचौघांत. काय करायचं ते कळवा.

वहिनींना नमस्कार. माझा राग त्याच्यासाठी, माया तुमच्यासाठी.

तुमची
कुसुम

---

पारोळा
१७ फेब्रुवारी १९९७

चि. सौ. कुसुम हीस हिलालचे अ. उ. आ.

हत्तीचं उत्तर बरोबर. पण फार फुगू नकोस, तुझ्या वहिनीने ते शेंगा फोडता फोडता सोडवलं.

तुझं पत्र वाचल्यापासून घास गोड लागत नाही. वही मी दिली, तेव्हा उपायही मीच करतो. आप्पांचं शेवटचं कोडं त्या वहीत नाही. ते त्यांनी दवाखान्यातून मला पोस्टकार्डावर पाठवलं होतं. दोन राजे, तीन प्यादी, पांढऱ्याची चाल आणि पांढरा जिंकतो. त्यांनी रचलेल्यांत सगळ्यात सरस. सोबत त्याची नक्कल पाठवतो आहे. फरक एकच. घोड्याच्या पट्टीतलं पांढरं प्यादं पाचव्या घरात होतं, ते मी चौथ्यात ठेवलं आहे. तेवढ्याने काळा राजा एक चाल आधी पोचतो, प्यादं मारतो आणि डाव बरोबरीत सुटतो. पांढऱ्याला जिंकायची वाटच उरत नाही.

हे तू बन्सीलालला स्वतः नेऊन दे. वहीत राहून गेलेलं आप्पांचं कोडं म्हणून दे. तो तपासणार नाही. आप्पा चुकू शकतात हे त्याच्या स्वप्नातही येणार नाही, आणि तिथेच तो सापडेल. त्याच्या नावावर छापलं की तुमच्या सुरतेतले सोडवणारे त्याला सोलून काढतील. मग मी खरं पोस्टकार्ड संपादकांना पाठवतो, म्हणजे चोरीही उघडी पडेल.

गोड बोलायला जमेल ना? तुझं अवघड आहे.

तुझा
हिलाल

---

कोसाड
३ मार्च १९९७

ती. भाऊंना शि. सा. न. वि. वि.

जमलं. काल कामरेजला जाऊन आले. बन्सीलालचे केस पांढरे झालेत, बाकी मनुष्य तोच. मला पाहून खाटेवरून उठून उभा राहिला. मी इतकं गोड बोलले की माझेच दात किडले असतील. कागद त्याने दोन्ही हातांनी घेतला आणि कपाळाला लावला. ढोंगी मेला. आप्पांना शेवटी फार त्रास झाला का, असंही विचारलं. त्याच्या बायकोने जेवल्याशिवाय सोडलं नाही. मी दोनदा वरण वाढून घेतलं. कटच करायचा तर उपाशीपोटी कशाला?

येताना बसमध्ये मला हसू आवरेना. शेजारची बाई सरकून बसली.

आता दर रविवारी अंकाची वाट बघायची. वहिनींनाही हे सांगा, पण आणखी कुणाला नको.

तुमची बहीण
कुसुम

---

कोसाड
१६ मार्च १९९७

ती. भाऊंना नमस्कार.

आज छापून आलं. कात्रण सोबत आहे, बसून वाचा.

वर चौकटीत त्याने लिहिलं आहे की आजवर ह्या सदरात आलेली सगळी कोडी माझे गुरू धुडकूआप्पा ह्यांची आहेत, मी ती माझ्या नावाने छापली. त्यांची मुलगी शेवटचं कोडं स्वतःच्या हाताने घेऊन आली, तेव्हा मला माझी लाज वाटली. आणि पटाखाली ठळक अक्षरात, रचना : कै. धुडकूआप्पा.

आप्पांचं नाव छापून आलं, भाऊ. आपण बिघडवलेल्या कोड्याखाली आलं.

ह्यांनी पेढे आणले. मी अजून तोंडात घातला नाही. काय करायचं ते लवकर लिहा.

कुसुम

---

पारोळा
२४ मार्च १९९७

चि. सौ. कुसुम हीस आशीर्वाद.

कात्रण वाचलं आणि दिवसभर ओट्यावर बसून राहिलो. खरं पोस्टकार्ड आता संपादकांना पाठवावं, तर प्यादं कोणी सरकवलं ते सांगावं लागेल. माझा धीर होत नाही. पन्नाशी उलटलेला मास्तर मी, ह्या वयात बापाचं कोडं बिघडवलं हे कुठल्या तोंडाने सांगू? कदाचित कोणाच्या लक्षात येणार नाही.

पोस्टकार्ड सोबत पाठवतो आहे. तू ठरवशील ते मला मान्य. आपल्या दोघांत तुझीच छाती मोठी, हे आप्पाही म्हणायचे.

तुझा
हिलाल

---

कोसाड
२० एप्रिल १९९७

ती. भाऊंना कुसुमचा शि. सा. न. वि. वि.

लक्षात आलं. पहिल्याच आठवड्यात चाळीस पत्रं गेली. शेवटी शेवटी म्हाताऱ्याला भ्रम झाला असेल, असं चहाच्या गाडीवर कोणी तरी म्हणालं आणि बाकीचे हसले. ह्यांनी कानांनी ऐकलं. पुढच्या अंकात बन्सीलालने लिहिलं की आप्पा कधीच चुकले नाहीत, मीच उतरवताना काही तरी चुकलो असणार. संपादकांनी त्याच्याकडून सदर काढून घेतलं.

मला हेच हवं होतं ना? चारचौघांत फजिती. झाली. पण आप्पांसाठी ती सोसून तो मोठा झाला, आणि हे काही माझ्याने बघवेना. आप्पांची अब्रू राखायची तर त्यांच्या पोरांनी राखायची. ती राखणारा तो चोर कोण?

म्हणून पोस्टकार्ड घेऊन मी कचेरीत गेले. संपादकांसमोर पट मांडला, पांढरा कसा जिंकतो ते खेळून दाखवलं आणि प्यादं आम्ही सरकवलं असं लिहून दिलं, मी आणि माझ्या भावाने. तुमचं नाव घातलं त्याची माफी मागत नाही. वही द्यायला तुम्ही होतात, प्यादं सरकवायला तुम्ही होतात, मग नाव द्यायलाच का नको? मागच्या रविवारी खरं कोडं छापून आलं. वर आप्पांचं नाव, खाली आपला कबुलीजबाब. आता आप्पांना कोणी हसत नाही. नळावर बायका मला बघून गप्प होतात.

काल दुपारी बन्सीलाल वही घेऊन आला. कामरेजहून भर उन्हात, सदरा पाठीला चिकटलेला. उंबऱ्याबाहेर उभा राहून त्याने वही माझ्या हातात दिली. प्याद्याबद्दल एका शब्दाने बोलला नाही. खरं कोडं सोडवायला चार दिवस लागले, एवढंच म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले. ढोंग नव्हतं ते, मला कळलं.

तरी मी त्याला बस म्हटलं नाही. पाणीसुद्धा विचारलं नाही. माठ दाराशीच होता, त्यालाही दिसत होता. तो आल्या उन्हात परत निघाला. लोक म्हणतील, आता सोडून द्यावं. आप्पांनी हात धरून त्याला आत घेतलं असतं. मी घेतलं नाही, आणि कालपासून मला स्वतःलाही घोटभर पाणी धड जात नाही.

वहिनींना नमस्कार. माझ्यावर रागवा, पण पत्र टाका.

तुमची
कुसुम