उंबरमेटचं सातवं घर

२ डिसेंबर, लालबाग

आले बाई एकदाची! दोन बॅगा, नकाशांची नळी आणि वहिनीने बळेच दिलेली लोणच्याची बरणी, एवढा संसार घेऊन दुसऱ्या मजल्यावर चढले, तर गॅलरीतल्या तीन घरांतून चहाचं बोलावणं. गिरगावातली आमची इमारत पाडल्यापासून मी डोंबिवलीला अभिदादाच्या हॉलमध्ये झोपत होते. माझी भूगोल शिकवायची नोकरी माटुंग्याला. त्यामुळे ही दहा बाय बाराची खोली मला महाल वाटतेय.

खोली कुणा एकाची नाही, अख्ख्या गावाची आहे. उंबरमेट हे कोकणातलं डोंगराच्या कडेवरचं टीचभर गाव. तिथून गिरणीत कामाला आलेले पुरुष इथेच राहिले, पाळीपाळीने एकाच सतरंजीवर झोपले. आता चाळ पडणार. त्याआधी त्यांच्या ग्राममंडळाला गावाचा भूगोल-इतिहास सांगणारी स्मरणिका हवी आहे. ती मी लिहायची आणि दोन महिने फुकट राहायचं. अध्यक्ष गणपतकाका पंच्याहत्तरीचे, जुने विणकर, बोलायला लोण्यासारखे मऊ. शेजारच्या मीराबाई गावच्याच, पूर्वी या खोलीची खानावळ चालवायच्या. आज त्यांच्याकडे बांगड्याचं तिखलं जेवले आणि सुस्तावले.

४ डिसेंबर

काकांनी विचारलंच, "बाय, तुजो गाव खंयचो?"

या प्रश्नाने मी शाळेपासून कानकोंडी होत आलेय. मे महिन्यात वर्ग गावाला जायचा आणि आम्ही भावंडं चौपाटीवर. सांगितलं, आम्हाला गावच नाही, सात पिढ्या मुंबईत. काकांनी खुंटा हलवून पाहावा तसं पुन्हा पुन्हा विचारलं. आजोळ? तेही गिरगाव. कुलदैवत? तेही इथलंच. मग म्हणाले, "मगे आजपासून आमचो गाव तो तुजो." मला चक्क भरून आलं.

खोलीची रचना मजेदार आहे. भिंतीवर सात खुंट्या, गावातल्या एकेका घराची एकेक. देवळाजवळच्या घराची खुंटी खिडकीशी, ओढ्याकाठच्या घराची मोरीकडे. म्हणजे इथे झोपणारा माणूस गावात जिथे राहतो त्याच बाजूला झोपायचा. खोली म्हणजे गावाचा नकाशाच की! माझी सतरंजी सातव्या खुंटीखाली. ते पाहुण्यांचं घर, काका म्हणाले.

७ डिसेंबर, रविवार

सकाळी मंडळाची वीसेक माणसं जमली. काकांनी नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. देवाला सांगितलं की ऋग्वेदा, शरदचंद्रांची लेक, आता उंबरमेटच्या सातव्या घरची, तिला तुझ्या पदरात घे. सगळे एका सुरात "व्हय म्हाराजा" म्हणाले. पेढे वाटले. मला गाव मिळालं, आणि तेही घरासकट!

मीराबाई तेवढ्या मध्येच उठून गेल्या. पेढाही घेतला नाही. गोड बंद असेल.

९ डिसेंबर

सर्वेक्षणाची माझी जुनी युक्ती. पाच जणांना एकमेकांना न दाखवता गावाचा नकाशा काढायला लावला. सहा घरं, देऊळ, ओढा, सगळं पाचही कागदांवर जागच्या जागी. सातवं घर मात्र प्रत्येकाचं वेगळ्या ठिकाणी.

आधी हसले. मग कागद वयाप्रमाणे लावले. ब्याऐंशी वर्षांच्या आजोबांच्या नकाशात ते देवळाला लागून आहे. सत्तरीच्या माणसाच्या थोडं खाली. पन्नाशीच्याचं त्याहून खाली. सर्वांत लहान माणसाने ते अगदी कड्याच्या टोकाला काढलंय. प्रत्येकाने लहानपणी पाहिलं तिथेच काढलं असणार.

घर उतारावरून सरकतंय. तसं होतं, माती रांगते, मी स्वतः शिकवते. पण रांगत्या मातीवरचं घर मोडतं. हे मोडलेलं नाही.

११ डिसेंबर

काकांना सातव्या घराचा इतिहास विचारला. तिथे कोण कोण राहिलं? एक मोजणीदार, मग एक शाळामास्तर, मग एक कंपाउंडर. तिघेही बाहेरचे. तिघांनाही स्वतःचं गाव नव्हतं, हे काकांनी न विचारता सांगितलं. ते कधी गेले विचारलं, तर म्हणाले, गेले कुठे? राहतातच.

मग काकांनी हसून विषय बदलला आणि चहा मागवला. मलाही हसू आलं, पण ते खरं नव्हतं. काका माझी इतकी काळजी का घेतात? गॅलरीत कुणीही भेटलं तरी मी कुठे चालले ते का विचारतं? काल कॉलेजच्या फाटकाशी मंडळातला एक जण उभा होता. योगायोग म्हणे.

१२ डिसेंबर

सतरंजी झटकली. खाली तांबडी माती. ओली. कोकणातली जांभ्याची माती लालबागच्या फरशीवर कशी येईल? मोरी गळत असेल म्हटलं. पण मोरी कोरडी आहे.

पेन्सिल टेबलावर ठेवली की सातव्या खुंटीकडे घरंगळते. चाळ जुनी आहे, कलली असेल. पण काल आणि आज पाण्याची बाटली आडवी ठेवून पाहिलं. कल कालच्यापेक्षा आज जास्त.

१४ डिसेंबर

रविवार, म्हणून सकाळीच डोंबिवलीला पळाले. दादाने चेष्टा केली, गावाला कंटाळलीस का म्हणून. दुपारी त्याच्या हॉलमध्ये आडवी झाले. उठले तर गादीवर तांबडी माती, माझ्या अंगाच्या आकाराची. वहिनी ओरडली, कुठून घाण आणलीस.

त्यांच्या घरात हे नको. परत आले.

१५ डिसेंबर

मीराबाईंना धरलंच. दार लावून घेतलं तेव्हा बोलल्या. बोलताना रडल्या.

डोंगर पावसात नाही, मार्गशीर्षात सरकतो. सातव्या घरात माणूस असला की तेवढंच घर सरकतं आणि बाकी गाव टिकतं. कंपाउंडरला धरून ते कड्यापर्यंत आलंय. माती एकेकाला गिळते, म्हणून आता नवा माणूस हवा. ज्याला गाव आहे त्याला त्याच्या गावचा देव परत मागतो. मला मागणारं कोणीच नाही.

गाऱ्हाणं मागे घ्या, माझं नाव काढा, मी पाया पडले. त्यांनी नकारार्थी मान हलवली. "एक नाव काढूक दुसरा नाव लागता गो."

१६ डिसेंबर

काका आले. त्यांना सगळं कळलंय. रागावले नाहीत. उलट डोळे पुसले. म्हणाले, तुझा जीव लागला आम्हाला, तुला सोडवतो. गाव नसलेल्या कुणाचं तरी नाव दे. फक्त नाव. त्याला इथे यायचीही गरज नाही.

वहिनीचं माहेर साताऱ्याकडचं, त्यामुळे भाचीला आजोळ आहे. आईबाबा गेल्यानंतर गाव नसलेलं माझ्या ओळखीत एकच माणूस.

दादाचं नाव जिभेवर आलं होतं. अगदी ओठापर्यंत. गिळलं. स्वतःची इतकी किळस कधी आली नव्हती. नाही म्हटलं. काका म्हणाले, उद्यापर्यंत विचार कर.

दादाला मेसेज केला, इकडे येऊ नकोस, कुणाशी बोलू नकोस. त्याचं उत्तर — रुसलीयस का? सकाळी न्यायला येतो.

फोन केले. उचलत नाही —

१७ डिसेंबर

साडेनऊ. बाहेर लख्ख ऊन. माती कमरेपर्यंत. दार उघडत नाही, आतून मातीने दाबलंय. खुंट्या दिसत नाहीत. खिडकीतून समोरची इमारत दिसायला हवी. दरी दिसतेय.

मागे कोणीतरी आहे. तिघे. गावची बोली नाही, पुस्तकासारखं बोलतात. सरकून जागा करून देतायत —

दादाचा आवाज. जिन्यात. हाका मारतोय.

काका गॅलरीतच बसलेत, नारळ घेऊन. त्याच्याशी गोड बोलतायत. तुझ्या बहिणीला आत्ता सोडवतो म्हणतायत. आवाजात लबाडी नाही. त्यांना खरंच मला सोडवायचंय.

दादा विचारतोय, मी काय करू?

ओरडायला तोंड उघडलं की माती —

काका त्याला म्हणतायत, काही नको बाळा, फक्त तुझं नाव —

हे पान फाडून दाराखालून सरकवते. पोचेल. दादा, सांगू नकोस. खोटं सांग. काहीही सांग, पण दादा, ना