घरटी एक

३ ऑक्टोबर
कंपनीत कोळंबीची दुसरी लाइन बंद. निम्म्या हॉलचे दिवे काढले. कोळंबी आली ती दुपारपर्यंत सोलून संपली, मग हातमोजे घालून नुसत्या बर्फाकडे बघत उभ्या. बाहेरच्या देशाने माल घ्यायचा थांबवलाय म्हणतात. साहेब गेटवर येऊन बोलले, कुणालाही काढत नाही आहोत, फक्त 'ब्रेक' देतोय. ब्रेक! जसं काही चहा प्यायला सोडतायत.

ब्रेक कुणाला, ते ठरवायचं काम सुपरवायझर रेवाळेबाईंच्या गळ्यात. त्या आमच्याच वाडीतल्या, वरच्या घरातल्या. त्यांनी सरळ गावकीचा नियम लावला. घरटी एक. पाखाडी, म्हणजे वाडीची पायऱ्यांची वाट, साफ करायला प्रत्येक घरातून एक माणूस जातं, तशी प्रत्येक घरातून एकच बाई कामावर राहणार. सगळ्या म्हणाल्या, हे बरोबर. मीही मान डोलावली. मग लक्षात आलं की आमच्या घरातून दोघी आहोत. मी आणि वैशाली, माझी धाकटी जाऊ.

सोमवारी नाव सांगायचं. बसमध्ये वै.ने मला खिडकीची जागा दिली. एरवी त्या जागेसाठी भांडते.

४ ऑक्टो.
जेवताना विषय निघाला. हे म्हणाले, तू जुनी, तू राहा. महेशचा (दीर) मुंबईहून फोन. त्याच्या गोडाऊनलाही माणसं कमी करतायत. "माजा काय भरवसा नाय, वयनी." यांच्या रिक्षाचं तर विचारूच नये, स्टँडवर माणसांपेक्षा रिक्षा जास्त.

मी म्हटलं, वै.ला राहू दे, तिला पोर आहे, ओवी. मोठेपणा केला खरा. कुणीतरी 'नको' म्हणेल असं वाटलं होतं. वै. पटकन म्हणाली, "ताई, तुमी खरंच मोठ्या मनाच्या." झालं. संध्याकाळभर भांडी आपटली.

५ ऑक्टो.
यांनी गंमत केली. तोंडात बांगडा, आणि म्हणतात, "मग मांडा की दोन चुली. घरं दोन, बायका दोन. रेवाळीण काय करनार?" सगळे हसलो. आईसुद्धा हसल्या, माझ्या सासूबाई, ज्या कधी हसत नाहीत. मग एकेक जण हसायचा थांबला. वै. ताटाकडे बघत म्हणाली, "मागच्या पडवीत जुनी शेगडी हाय."

६ ऑक्टो.
सांगितलं रेवाळेबाईंना. आम्ही वेगळं निघालोय म्हणून.
"कदी?"
"दसऱ्याला." तोंडात आलं ते बोलले.
"दसऱ्याला कोन वेगळं निघतं गो?"
 मग म्हणाल्या, लिहिते दोन घरं, पण वाडीत तसं दिसलं पायजे, नायतर बाकीच्या बायका माझ्या उरावर बसतील. बरोबर आहे त्यांचं. आम्ही दोघी राहिलो म्हणजे तिसऱ्याच कुणा बाईचं नाव गेलं. कुणाचं ते मी विचारलं नाही.

९ ऑक्टो.
भांडी वाटली. ओवीला वाटतंय भातुकली आहे. मलाही तसंच वाटत होतं. वै.ने माझी खवणी मागितली. "दिसायला पायजे ना खरं, ताई." दिली. आता नारळ खवायचा तर मला पडवीत जायला हवं, आणि पडवीत गेले तर वाडीला दिसणार. हसू की रडू.

तिने पडवी धुतली, फळीवर कागद घातला, बरण्या ओळीने लावल्या, प्रत्येक बरणीला नाव चिकटवलं. नाटकातल्या बरण्यांना नावं कशाला?

१३ ऑक्टो.
रे. बाई बघायला आल्या. चहा दोन्हीकडे घेतला, न्याय म्हणजे न्याय. मीही वै.कडचा चाखला. आलं घातलेलं. आठ वर्षं ही बाई माझ्या स्वयंपाकघरात चहा करत होती, कधी आलं घातलं नाही. आईंना चालत नाही म्हणून. आणि आम्हाला वाटायचं हिलाही आवडत नाही.

१६ ऑक्टो.
दोघी कामावर आहोत एवढं खरं. आठवड्यातले निम्मे दिवस.

ओवी ताटली घेऊन धावत माझ्याकडे आली, रोजच्यासारखी. वै.ने मागून हाक मारली, "ओवी, आपलं जेवान इकडं." अंगणात रे. बाईंची मुलगी खेळत होती, म्हणून. समजलं मला. मी खूण पण केली ओवीला, जा.

मला मूल नाही. ओवीला पहिला मऊभात मी भरवला, वै. बाळंतपणानंतर तापाने पडली होती तेव्हा. हे कशाला लिहितेय.

१७ ऑक्टो.
ओवी परत तिकडेच जेवली. आज अंगणात कुणीच नव्हतं.

१८ ऑक्टो.
महेश आला. दिवाळीला आला म्हणून आई खूश. पण दिवाळीला आलेला माणूस सोबत वळकटी, बादली आणि खोलीवरची शेगडी आणत नाही. गोडाऊनने पण ब्रेकच दिलाय का विचारलं. "नाय वयनी, आमच्याकडे सरळ 'जा' म्हनतात." हसला. वजन किती उतरलंय त्याचं.

शेगडी दोन बर्नरची, चांगली आहे. पडवीत लागली.

२० ऑक्टो., पहिली आंघोळ
उठून सगळ्यांसाठी पोहे करायला घेतले. दडपे पोहे, गोडाचे पोहे, ताकातले. आज आपापली फराळाची ताटं घेऊन दोघी इकडेच बसू, वाडी कुठे पहाटे बघायला येतेय, असं मनात.

इतक्यात वै. दारात. नवी साडी, डोक्यात अबोली. आत आली नाही. दारातच उभी राहून म्हणाली, "ताई, फराळाला यायचं हां आमच्याकडं. भावजींना पन घेऊन या."

शेजारणीला बोलावतात तसं. मी तिच्या तोंडाकडे बघितलं, कुठे हसतेय का. नव्हती हसत. मनापासून बोलवत होती. उत्साहाने! पहिल्यांदाच स्वतःच्या घरी कुणाला बोलवत होती ती.

गेलो. मी नि हे, पडवीत पाटावर बसून आलो. फराळ चांगला होता. चकली माझ्यापेक्षा खुसखुशीत.

घरी येऊन (लिहिलं बघा, 'घरी येऊन') आमचे पोहे झाकून ठेवले.

११ नोव्हेंबर
बस आठवड्यातून दोनदा येते. हॉलमध्ये आवाज घुमतो आता. वै. नि मी समोरासमोर टेबलाला उभ्या असतो, तिथे बोलतो मोकळं. कोळंबी, पाय सुजले, ओवीचा खोकला. बसमधून उतरलं की दोन घरं.

आज मीच तिला म्हटलं, हे किती दिवस चालवायचं गो? ती म्हणाली, काम हाय तोवर. मग थोड्या वेळाने, "ताई, खरं सांगू? मना बरं वाटतंय. रागावू नका."

रागावले नाही म्हणून सांगितलं. रागावले आहे. तिच्यावर नाही, मग कुणावर ते कळत नाही. मी तिला छळलं का आठ वर्षं? मीठ सुद्धा मी सांगेन तेवढंच टाकायची. त्याला मी आपलं 'वळण' म्हणायचे.

२४ नोव्हें.
महेश दिवसभर बसून असतो. मिरकरवाड्याला जेटीवर गेला होता, तिथे आधीच माणसं उभी कामासाठी. हातांना काम नाही की डोकं नको तिथे चालतं. आज यांच्याजवळ आला, अंगठ्याने जमीन उकरत म्हणाला, "दादा, आता वेगळं झालंच हाय, तर आंब्याची कलमं कुटली कुनाची ते पन ठरवून टाकूया. मोहोराच्या आदी."

हे तडक उठले. रिक्षा काढून गेले, परतले ते भाडं न मिळवताच. जेवताना मला म्हणाले, "मी गंमत केली होती गो." तेवढंच. मला त्यांची इतकी दया आली, पण धीर कुठून देणार? माझ्याकडेच धीर नाही.

६ डिसेंबर
संपलं. हॉलला कुलूप. सगळ्यांनाच ब्रेक, रे. बाईंनासुद्धा. गमबूट परत घेतले. बायका गेटबाहेर पायांकडे बघत उभ्या, चपला घालून आलेल्या दोघीतिघीच. बाकीच्या तशाच अनवाणी बसमध्ये. ड्रायव्हर म्हणाला, ही शेवटची फेरी, नीट उतरा.

वै. माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. मीही. खूप दिवसांनी बरं वाटलं, रडताना.

७ डिसें.
आता कुणासाठी दोन चुली? काम हाय तोवर, असं तीच म्हणाली होती. सकाळी सगळ्यांचा भात घातला, मोठ्या टोपात. कुळथाचं पिठलं, सुका जवळा. ओवीला आवडतं म्हणून पापड. ताटं मांडली. हाक मारणार, तेवढ्यात पडवीत कुकरची शिट्टी झाली.

हाक मारली नाही. मारायला हवी होती का? पण माझी हाक म्हणजे हुकूमच वाटायचा तिला एवढी वर्षं. तिने आपणहून यावं असं मला वाटत होतं.

उरलेल्या भाताला उद्या फोडणी. मग उरेल तो परवा कोंबड्यांना.

१५ डिसें.
आई एक दिवस इकडे, एक दिवस तिकडे जेवतात. आज अंगणात बसून मोठ्याने म्हणाल्या, "तुमचं ह्ये नाटक कदी संपनार? काम तर ग्येलं."
वै. कपडे वाळत घालत होती. वळून म्हणाली, "कसलं नाटक, आई?"
उलट नाही बोलली. खरोखर विचारलं तिने.

२ जानेवारी
रिक्षाचा पासिंगचा खर्च, त्यामुळे रिक्षा उभी. हे पण घरी. चार कमावती माणसं, दोन घरं, कुणालाच सकाळी कुठे जायचं नाही. गंमत म्हणजे आम्ही सगळे अजूनही लवकर उठतो.

९ जाने.
ठरवलं होतं आज बोलायचंच. माफी मागावी लागली तरी मागायची. म्हणायचं, वैशाली, चल, एकच चूल करू, तुला हवं तसं मीठ टाक, चहात आलं टाक, स्वयंपाकघर तुझं. पदर खोचून पडवीत गेलेही. ती तांदूळ निवडत होती. "बसा ना ताई." बसले.

तोंड उघडणार तोच खाली पाखाडीवरून रे. बाईंची हाक. धावत आल्या, धाप लागलेली. साहेबांचा फोन होता. शिमग्यानंतर एक लाइन सुरू होईल, कदाचित. थोड्याच बायका घेणार. नियम तोच, घरटी एक. "तुमचं बरं, तुमची दोन घरं हायत. मोडू नका आता." हळूच बोलल्या, डोळा पण मारला.

त्या गेल्यावर वै.ने माझा हात धरला. "बरं झालं आपण वेगळं निघालो, न्हाय का ताई?"
मी 'हो' म्हटलं.
"तुमी काय बोलनार होतात?"
"काय नाय गो. खवणी हवी होती."
तिने लगेच धुऊन दिली. संध्याकाळी परत पाठवा म्हणाली.

२३ जाने.
त्या 'कदाचित'वर सगळी वाडी जगतेय. मला विश्वास नाही. पण तो फोन आलाच नसता, तर मी त्या दिवशी बोलले असते. आता बोलले तर तिची नोकरी मी घालवली असं होईल. न बोलले तर घर.

३ फेब्रुवारी
बाथरूमसाठी आणलेले चिरे मागे पडून होते. महेशने आजपासून भिंत घ्यायला सुरुवात केली. स्वयंपाकघर आणि पडवी यांच्यामध्ये. वेगळा दरवाजा तिकडून पाडणार. म्हणतो, कंपनीचं माणूस आलं बघायला तर पक्कं दिसलं पायजे. खरं कारण तेच असेल. काहीतरी करतोय, चेहऱ्यावर रंग आलाय त्याच्या.

हे चिरे उचलून देतात. "दादा, वाईच उजवीकडं." "दादा, सांभाळून." दोघं भाऊ इतकं एकमेकांशी दिवाळीपासून बोलले नव्हते.

४ फेब्रु.
भिंत कमरेपर्यंत आली. पलीकडून वै. दिसते, अर्धी. ओवी मध्ये चढून बसली होती, एक पाय इकडे, एक तिकडे, तिला महेशने खाली उतरवलं. तिकडच्या बाजूला.

दुपारी वै. भिंतीवर हात टेकून म्हणाली, "ताई, ओवीचे पप्पा म्हनतात मधी एक खिडकी ठेवूया. द्यायला-घ्यायला. ठेवू काय?"

ती विचारत होती, हे मला आवडलं. आणि खिडकी म्हणजे भिंत होणारच, हेही त्यात आलं. 'नको' म्हटलं तर तिला वाटेल, ताईने तोंड फिरवलं. 'हो' म्हटलं तर मीच भिंत मान्य केली. शिवाय कडी कुणाच्या बाजूला, ते कुणी बोललं नाही.

मी म्हटलं, "बघू."
"उद्या सकाळपर्यंत सांगा. वरचा थर लागला की मग ठेवता येनार नाय."