खुर्चीत झोपणाऱ्याची गोष्ट

३ फेब्रुवारी
उशिराबद्दल माफी. एक जानेवारीपासून रोज लिहायचं ठरलं होतं. पण जानेवारीत थंडी फार, आणि चष्मा बायकोने, गुद्रुनने, कुठेतरी ठेवला होता. (ती म्हणते, नाकावरच होता. तो जुना.) ही वही माझ्याशिवाय कुणी वाचणार नाही, मग माफी कुणाची मागतोय कळत नाही. तरी मागितलेली बरी.

लिहायला कारण घडलं. इस्पितळातून फोन आला. नव्या डॉक्टरांना पेशंटचं ऐकून घ्यायला शिकवायचं आहे. म्हणून खरेखुरे पेशंट येऊन आपल्या आजाराची गोष्ट सांगणार. मला हार्ट अटॅक येऊन गेलेला, तेव्हा माझी निवड झाली. गुद्रुनचं म्हणणं, नाव तिनेच दिलं, मी जरा घराबाहेर पडावं म्हणून. असेल. निवड ती निवड.

संकल्प: आमच्या लेमविग गावात आजवर कुणी सांगितली नसेल अशी गोष्ट सांगायची. शाळा सातवीत सुटली, पण मासळीच्या लिलावात जन्मभर ओरडलो आहे. आवाज शाबूत आहे.

६ फेब्रुवारी
तालीम. गुद्रुन बटाटे सोलत होती. मी अटॅकपाशी पोचलो, तर म्हणाली, कसला अटॅक, डॉक्टर बारीकसा झटका म्हणाले होते, आणि दुसऱ्या दिवशी तू ब्रेडवर लिव्हर पेस्ट मागत होतास. मी म्हटलं, गोष्टीत लिव्हर पेस्ट घालत नसतात.

तिचं लक्षच नसतं. हल्ली जिन्यातही मध्येच थांबते. विचारलं काय झालं, तर म्हणे खाडी बघतेय. चाळीस वर्षं तीच खाडी आहे.

११ फेब्रुवारी
पहिला कार्यक्रम. डॉक्टर सिग्ने रोसेन्डाल ही मुख्य. आमच्या दवाखान्यातही तीच बसते. कोपनहेगनची आहे, तरुण, केस मुलासारखे कापलेले. समोर नवे डॉक्टर. मी दणक्यात सांगितलं. एकाने जांभई दिली, रात्रपाळी असावी.

नंतर सिग्ने म्हणाली, एव्हाल्ड, आवाज छान लागला, पण मासळीचे भाव जास्त झाले. तुमच्या शरीराला काय होत होतं ते येऊ द्या. बारीकसारीक गोष्टी सांगा.

माझ्यानंतर आस्टा नावाची म्हातारी. तिची किडनी. सगळे रडले. किडनीत रडण्यासारखं काय असतं?

मार्चमध्ये मोठा कार्यक्रम, घरच्यांनाही बोलावणार आहेत. आस्टाला मागे टाकायचं.

१४ फेब्रुवारी
बारीकसारीक गोष्टी सापडत नाहीत. माझ्या छातीत दुखलं, मग इस्पितळाची गाडी आली, मग थांबलं. यात बारीक काय काढणार?

त्यात घरात नवीनच. गुद्रुन बाहेरच्या खोलीत खुर्चीत बसून झोपते. मी म्हटलं, लोकांना वाटेल भांडण झालं. म्हणाली, लोक काय रात्रीचे खिडकीत बघायला येणार आहेत? आडवी झाले ना, की पाण्यात बुडाल्यासारखं होतं.

लगेच लिहून घेतलं. आडवं झालं की पाण्यात बुडाल्यासारखं होतं. वा! काय बोलून जाते, तिचं तिलाही कळत नाही.

२० फेब्रुवारी
गुद्रुनला दवाखान्यात नेलं. मी गाडीतच बसलो. बुडाल्यासारखंचा भाग जमत आला होता आणि आवाज तापला होता. ती लगेच बाहेर आली. आत सिग्नेने विचारलं, कसं वाटतंय? ही म्हणाली, बरंय. थोडी धाप लागते.

आता आमच्याकडे पश्चिम युटलंडात बरंय म्हणजे गाय व्याली असंही होतं, आणि घर जळालं पण गोठा वाचला असंही होतं. कुठल्या सुरात म्हटलं त्यावर आहे. थोडी म्हणजे तर माणूस जमिनीवर पडलेला असतो. पण कोपनहेगनमध्ये बरंय म्हणजे बरंच असतं. डॉक्टरने तिला रोज फिरायला सांगितलं.

संध्याकाळी मुलीचा, लिस्बेतचा फोन. बाबा, तुम्ही आत का नाही गेलात? आईला स्वतःचं सांगता येत नाही, माहीत आहे ना? मी म्हटलं, गाडी सोडून जाता येत नव्हतं, वारा होता. ती म्हणाली, वाऱ्याने गाडी नेली असती का बाबा?

टोमणे मारायची सवय आईकडून आली.

संकल्प: पुढच्या वेळी आत जायचं. कार्यक्रम झाला की.

२६ फेब्रुवारी
गुद्रुनने माझ्या सपाता घेतल्या. तिचे बूट सकाळी होतात, संध्याकाळी होत नाहीत. मी मोजे घालून गार फरशीवर. म्हटलं, निदान विचारायचंस. म्हणाली, तू तालीम करत होतास.

पण बूट हा भाग उत्तम आहे. सकाळी झाले, संध्याकाळी झाले नाहीत. गोष्टीत घातला. जिन्यातली खाडीही घातली. आता गोष्टीला अंग आलं.

५ मार्च
फिरायला जाऊया म्हटलं, डॉक्टरने सांगितलंय. फाटकापर्यंत गेली आणि फाटकाला धरून उभी राहिली. तिथून मागे. आळस.

१० मार्च
आजचं आजच लिहून ठेवतो.

सभागृह भरलेलं. गुद्रुन तिसऱ्या रांगेत, माझ्या सपातांत. शरम वाटली. मग मी सुरू केलं. जिना, खाडी, खुर्ची, पाणी, बूट. मागच्या वेळी जांभई देणारा पोरगा डोळे पुसत होता. आस्टाचं तोंड उघडंच.

टाळ्या झाल्या. सिग्नेने वाजवल्या नाहीत. उठून आली, म्हणाली, हे मला कधीच कसं सांगितलं नाहीत? खुर्चीत कधीपासून झोपता? मी म्हटलं, झाले काही दिवस. तिने सगळ्यांसमोर माझी पँट वर केली आणि नडगीवर अंगठा दाबला. काही झालं नाही. म्हणाली, तुमचे पाय तर ठणठणीत आहेत. मी म्हटलं, गोष्टीत थोडं इकडचं तिकडे होतं. तिने विचारलं, इकडचं म्हणजे कुठलं?

माझी नजर तिसऱ्या रांगेकडे गेली असावी. तिथे जाऊन ती गुद्रुनसमोर खाली बसली, सपात काढली, अंगठा दाबला. खळगा पडला आणि तसाच राहिला, कणकेत राहतो तसा.

गुद्रुन माझ्याकडे बघत होती. म्हणाली, मला वाटायचं तुझं लक्ष नसतं.

मग गाडी आली. मी इस्पितळाच्या गाडीत चढायला लागलो तर गुद्रुन सिग्नेला म्हणाली, तो नको, लिस्बेतला बोलवा. धाप लागली की माणूस काहीही बोलतो.

१२ मार्च
इस्पितळात गेलो. हृदय कमजोर झालंय, छातीत पाणी. गुद्रुनच्या खोलीचं दार बंद. नर्स म्हणाली, डॉक्टर सिग्ने आत बसल्यात, पेशंट सगळं पहिल्यापासून सांगतायत. गुद्रुन? पहिल्यापासून? दाराबाहेर बराच वेळ उभा होतो. आवाज तिचाच, शब्द लागत नव्हते. एकदा दोघी हसल्या.

नर्सला सांगितलं, मी नवरा आहे, शिवाय तुमच्या कार्यक्रमात गोष्ट सांगणारा. म्हणाली, हो, ऐकलंय तुमच्याबद्दल. आज फक्त मुलीला सोडा म्हणाल्यात त्या.

१६ मार्च
सिग्नेचा फोन. कार्यक्रमाला यापुढे मी नको. मी म्हटलं, अहो, माझ्या गोष्टीमुळे तर तिचा आजार सापडला! ती म्हणाली, मीसुद्धा तिला बरोबर विचारलं नव्हतं, एव्हाल्ड. पण मी गाडीत बसले नव्हते.

हे गुद्रुननेच सांगितलं असणार. आणखी काय काय सांगितलं?

आस्टाला पुन्हा बोलावलंय.

२४ मार्च
लिस्बेत गुद्रुनला आपल्या घरी, ऑर्हूसला घेऊन गेली. मला नंतर कळवलं, तेही शेजारणीकडून. हवापालट असेल.

दुकानात सगळे विचारतात, गुद्रुन कशी आहे? मी सांगायला तोंड उघडतो, घसा साफ करतो, आणि पुढे काही येत नाही. लोक थोडं थांबतात आणि ब्रेड घेऊन जातात.

लिस्बेत, तू फोन उचलत नाहीस. ही वहीही तू वाचणार नाहीस. तरी लिहितो. पायावरची सूज उतरली का? आडवी होऊन झोपते का? माझ्याविषयी काय म्हणते ते नाही सांगितलंस तरी चालेल. ती कशी आहे एवढंच. एक ओळ पुरे. पण लवकर कळव.