तुमचा शब्द मोडून मामंजींना उठवलं

आत्याबाई, तुमच्या लेकीला आवरा. साताऱ्याहून फोन करून मलाच म्हणते, "वयनी, माझ्या बापाला चहासाठी आतपर्यंत चालवतीस, लाज न्हाई वाटत?" शेजारणीही तेच बोलतात. म्हाताऱ्याला जागेवर ताट-तांब्या दिला की सून चांगली, आणि उठवलं की कैदाशीण.

ही रीत तुमचीच. जग सोडून जाताना माझा हात धरून म्हणालात, "ह्यास्नी जाग्यावरनं उठू दिऊ नगंस, शुगर हाय." मी पाळलं. चहा खाटेवर, तोंड धुवायला पाणी खाटेवर, चपला पण मीच पायात घालायची. जन्मभर फौजेत पळलेला माणूस, बघता बघता मांड्या वाळल्या, तळपाय बधिर झाले. एक दिवस न्हाणीत बसले ते उठेचनात. मी आणि तुमच्या लेकानं काखेत हात घालून उचललं. दिवसभर भिंतीकडं तोंड करून पडले, जेवले नाहीत.

सांगलीच्या डॉक्टरीणबाईंनी पाय तपासले आणि मलाच झापलं. "शुगरच्या माणसाला बसवून ठेवलं की पायातली ताकद लवकर जाते. गोळ्या चालू ठेवा, पण त्यांना हलवा. हात न टेकता खुर्चीतनं उठायला लावा. तळवे रोज बघा, अनवाणी चालू देऊ नका."

दुसऱ्या दिवशी मी आतूनच हाक मारली, "मामंजी, चा निवतोय."

"आण की हिकडं."

"न्हाई. तुमीच या."

"असला बिनसाखरेचा चा, आन त्येला एवढं चालायचं? तुजी सासू आसती तर..."

"आत्याबाई आसत्या तर मीबी खाटंवर बसून प्याले आसते."

भिंत धरत, चिडत आले. पण आले. मग रोजच येत गेले, हळूहळू भिंत सुटून हातात काठी आली.

आज सकाळी शेळीनं दावं तोडलं. मी भाकरी टाकून बाहेर पळाले, तर मामंजी अंगणाच्या पार त्या टोकाला, शेळीचा कान धरून उभे, तिला फौजेतल्या हिंदीत शिव्या देतायत. काठी खाटेपाशीच. मला म्हणाले, "बगतीस काय? दावं आण." मी गोठ्यातनं दावं आणून त्यांच्याच हातात दिलं. किती दिवसांनी माझा जीव भांड्यात पडला.

आता ते खुर्चीतनं उठा-बस करतायत. धावत जाऊन हात देऊ नये, म्हणून मी हे लिहीत बसले आहे. भीती अजून वाटते मला, कुणाला सांगत नाही. हा कागद कुठल्या पेटीत टाकायचा, तेही ठाऊक नाही. पण रविवारी तुमची लेक त्यांना कायमचं न्यायला येणार आहे, गादी-पलंग तयार ठेवलाय म्हणे. लेकीपुढं ते गप्प बसतात. मग तिला मी अडवू का नको? तुम्ही घेतलेला शब्द तुम्हीच सोडवा. शनिवारी दिवेलागणीपर्यंत काय ते सांगा. गप्प बसलात तर तिला अडवायला तुमचा होकार धरीन.