एक ठोका म्हणजे हो

४ मार्च, मंगळवार

इंजिन चालू झालं! पहिल्याच चावीला. आणि लगेच पुढच्या झाकणातून आवाज — खळखळ खळखळ, डब्यात खिळे हलवावेत तसा. बंद केलं.

मागे वळले तर तो माझ्याकडेच बघत होता. खाट मी मुद्दामच गॅरेजच्या दारात लावली आहे, त्याला सगळं दिसावं म्हणून. चाळीस वर्षं इंजिनं बांधली, लोक लांबून 'उस्ताद, उस्ताद' करत यायचे. ही जुनी गाडी त्याची स्वतःची. अर्धं इंजिन बांधलं आणि आडवा झाला. उरलेलं मी बांधलं. उजवी बाजू गेली, वाचा गेली. लिहिताही येत नाही, खडू दिला तर नुसत्या रेघोट्या. डावा हात तेवढा चालतो. खाटेच्या दांडीवर एक ठोका म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. ही भाषा मीच ठरवली. आठ महिने नवराबायकोत एवढंच बोलणं. आधी तरी कुठे फार होतं म्हणा!

विचारलं, "काय रे, चेनचा सेट बरोबर आहे ना?"

एक ठोका. हो.

"मग आवाज कसला?" — तर पाण्याचा पेला भिरकावला माझ्या अंगावर. फरशी पुसली. दुसरं पाणी दिलं नाही.

('काय रे' लिहिताना अजून गंमत वाटते. जन्मभर 'अहो'. दवाखान्यातून घरी आणला त्या दिवशी 'अरे' म्हणून पाहिलं. आभाळ कोसळलं नाही.)

५ मार्च, बुधवार

लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक झाकणाला, मूठ कानाला. चेनच वाजतेय, शंका नाही. रेडिएटर काढला, झाकण काढलं. चेन खालच्या क्रँकच्या चाकावरून वरच्या कॅमच्या चाकावर जाते; दोन्ही चाकांचे दात चाचपले — कोरे करकरीत. चेन अंगठ्याने दाबली. नको तेवढी आत जाते. नवीकोरी चेन ढिली कशी?

सव्वीस वर्षं या गॅरेजमध्ये मी फक्त सुटे भाग रॉकेलमध्ये धुतले. तापाने फणफणले होते तेव्हाही. पाना हातात घेतला की गिऱ्हाइकांसमोर म्हणायचा, "हिच्या हातात पाना म्हणजे माकडाच्या हातात कोलीत!" सगळे हसायचे. मीही हसायचे. माझं ते हसणंच आता जास्त बोचतं.

आज त्याच्या देखत एका बेअरिंगवर लोखंडी हातोडी घातली. भंगारातलं होतं, पण त्याला काय माहीत! घशातून कसलासा आवाज काढला, डोळ्यांतून पाणी आलं.

जेवण छान गेलं.

७ मार्च, शुक्रवार

चेन जिच्यावरून घासत जाते ती पट्टी बदलली. आवाज तस्साच.

९ मार्च, रविवार

नणंद आली होती. दर रविवारी येते, तासभर रडते, जाते. आज दारातच सुरू — "वहिनी, दादाची खाट इथे? हा धूर, हा दणदणाट! माणूस आहे का कोण आहे तो?"

म्हटलं, "त्याला आवडतं. विचार की त्यालाच."

ती वाकली. "दादा, तुला आतल्या खोलीत नेऊ का रे?"

दोन ठोके.

"बघ!" मी म्हटलं. "नाही म्हणतोय." पुन्हा विचारलं तिने. पुन्हा दोन. डोळे पुसत उठली. तो मात्र तिचा पदर सोडेना. बोटं एकेक करून सोडवावी लागली. लाडका भाऊ ना!

जाताना म्हणाली, बोलायला शिकवणाऱ्या एक बाई आहेत, त्यांच्याकडे नाव घातलंय. घाल म्हटलं. काय बोलणार आहे तो? शिव्याच.

१२ मार्च, बुधवार

लेथवाला आला. बाकी सगळ्यांनी इकडे पाठ फिरवली, हा एक येतो. चेन दाबून बघितली आणि कपाळावर हात मारला.

"वहिनी, ही साधी चेन चालायचीच नाही ह्याला. क्रँक बसतो ती घरं माझ्याकडेच कापून नेली होती उस्तादांनी. क्रँक केसभर वर सरकला. वर कॅम आहे तिथेच. अंतर कमी झालं की चेन ढिली पडणारच! आखूड चेन लागते. उस्तादांना ठाऊक आहे की. विचारलं नाही का?"

विचारलं होतं! सेट बरोबर आहे का म्हटलं तर हो म्हणाला. म्हणजे आठवडाभर मी झाकण काढतेय, घालतेय, आणि हा पडल्या पडल्या मजा बघतोय. माणूस मेला तरी स्वभाव मरत नाही. हा तर मेलाही नाही.

लेथवाला जाता जाता म्हणाला, "हे एक इंजिन बिनआवाजी चालवून दाखवा. माझ्याकडची सगळी इंजिनं तुमच्याकडे पाठवतो. शब्द देतो."

ऐकलंस? असं त्याच्या कानाशी जाऊन म्हटलं. माकडाकडे पाठवणार आहेत!

१५ मार्च, शनिवार

आखूड चेन मिळाली. बसवली. शिलाई मशीनसारखं चालतंय! फक्त चालू करताना दोन सेकंद खरखर. तो टेन्शनरचा आवाज — चेन ताणून धरणारा खटका, त्याच्या आतली स्प्रिंग जुनी आहे. नवा कुठेच मिळत नाही. मिळाला तरी महिना लागेल.

१७ मार्च, सोमवार

लेथवाला उद्या येतोय, दोन गिऱ्हाइकं घेऊन. टेन्शनर काढून त्याच्यासमोर धरला. जड गेलं, पण विचारलं. या एका वस्तूबद्दल त्याच्याएवढं कोणाला कळत नाही, हे मी त्याच्या तोंडावर कबूल केलं. चक्क 'अहो' म्हणाले मी!

"अहो, हा जुनाच चालेल का?"

एक ठोका.

"नक्की? तुटायचा नाही ना?"

मी तीनदा विचारलं. तिन्ही वेळा एकच. शेवटचा तर इतक्या जोरात की दांडी थरथरली. आणि माझं मनगट धरून ठेवलं. मला वाटतं, शाबासकी देतोय.

वेडी मी.

१८ मार्च, मंगळवार

पाच मिनिटं आवाज नाही. लेथवाल्याने झाकणावर नाणं उभं करून दाखवलं, पडलं नाही. गिऱ्हाइकं माना डोलवत होती. मग तो म्हणाला, "द्या वहिनी, जरा रेस द्या."

दिली. टेन्शनर सुटला, चेनने दात सोडले, व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळले. तो आवाज! इंजिन जागच्या जागी मेलं.

एक गिऱ्हाईक हळूच हसलं. लेथवाला खाली बघत म्हणाला, "असू द्या वहिनी. नशिबात असावं लागतं."

आणि हा? हा ओरडत होता, तोंड वाकडं करून. मला ते हसूच दिसलं.

१९ मार्च, बुधवार

हेड उतरवलं. सहा व्हॉल्व्ह वाकलेत. एक पिस्टन फुटलाय.

खाट आतल्या खोलीत नेली. खिडकीशी नाही. भिंतीकडे तोंड करून. रेडिओ बंद. हगणं-मुतणं, आंघोळ, जेवण सगळं करीन, कर्तव्यात कसूर नाही. पण एक शब्द बोलणार नाही गरजेपलीकडे. खोटं बोलायचंय ना? बोल भिंतीशी.

२१ मार्च, शुक्रवार

दिवसभर ठोके. एक, दोन, एक, दोन. दांडीला गोधडी गुंडाळली.

२३ मार्च, रविवार

नणंदेला सांगितलं, झोपलाय.

२६ मार्च, बुधवार

आज ठोके नाहीत. जिंकले.

२८ मार्च, शुक्रवार

बोलायला शिकवणाऱ्या बाई आल्या. नंबर लागला म्हणे. तरुण आहेत, पिशवीत चमचा, कंगवा, चेंडू. दांडीची गोधडी काढली त्यांनी, काही विचारलं नाही.

चमचा धरला. "हा चमचा आहे का?" दोन ठोके. तोच चमचा धरून, "हा कंगवा आहे?" एक. मी म्हटलं, मुद्दाम करतोय, तो असाच आहे. त्या म्हणाल्या, थांबा. दिवा लावला. "दिवा बंद आहे?" एक. "तुम्ही बाई आहात?" एक. आणि प्रत्येक ठोक्यानंतर त्याचा चेहरा — आपल्याच हाताकडे बघत होता, दुसऱ्या कोणाचा असावा तसा.

बाई मला बाहेर घेऊन आल्या. "या आजारात असं होतं. समजतं बरंचसं. पण 'हो' आणि 'नाही' उलटे बाहेर पडतात. मनात नाही असतं, हात हो म्हणतो. प्रत्येक वेळी नाही, पण यांचं बहुतेक वेळा उलटंच होतंय. घरात कोणाच्या लक्षात आलं नाही?"

टेन्शनर धरला होता समोर. तीनदा. नको, नको, नको, म्हणत होता तो. मनगट धरून.

नणंदेला म्हणत होता, ने मला आत.

खाट परत खिडकीशी लावली. त्याच्याकडे बघवलं नाही. बाई म्हणाल्या, उजवा हात बरोबर दिसत नाही, उद्या डॉक्टरांना पाठवते.

२९ मार्च, शनिवार

डॉक्टर येऊन गेले. उजवा खांदा निखळलाय. आजचा नाही म्हणाले, सहा-सात महिने तरी झाले असतील.

रोज सकाळी मी त्याच हाताला धरून त्याला उठवते. उठवताना विचारते, दुखतंय का?

रोज दोन ठोके.