आल्याची बाटली

१२ फेब्रुवारी २०२२, शनिवार

आल्याच्या विरजणाची बरणी आज फसफसली. अखेर!

दोनदा मेली होती बिचारी. एकदा माझ्यामुळे – नळाचं पाणी घातलं, त्यातल्या क्लोरीनने खल्लास. एकदा नवऱ्याच्या, देवच्या घाईमुळे. या वेळी आलं सालासकट किसलं, कारण यीस्ट असतं ते सालीवरच. रोज एक चमचा आलं, एक चमचा साखर, आणि ढवळायचं काम गार्गीकडे. सकाळी तिघंही ओट्याशी डोकी जुळवून बुडबुडे बघत उभे. पंधरा वर्षांची ही मुलगी एरवी आमच्याबरोबर लिफ्टमध्येसुद्धा उभी राहत नाही. आज म्हणाली, "मम्मा, इट्स ब्रीदिंग."

ऑनलाइन शाळेच्या दिवसांत तिला फर्मेंटेशन समजावायला म्हणून हा उद्योग काढला होता. बाटलीच्या तोंडाला फुगा लावून. नाशिकच्या कॉलेजात मी केमिस्ट्री शिकवायचे हे तिला तेव्हाच पहिल्यांदा खरं वाटलं असावं. शाळा सुरू झाली तरी उद्योग चालू राहिला. देव बाटल्या उकळून घेतो, मी मापं बघते, गार्गी लेबलं काढते – हातपाय फुटलेलं हसरं आलं.

नियम माझा. आल्याचं पेय बाटलीत भरल्यावर दोन दिवस बाहेर, मग फ्रिज. म्हणजे गोड राहतं, झणझणीत राहतं, आणि त्याची दारू होत नाही. इथे दोह्यात घरी दारू गाळताना सापडलो तर नोकरी, व्हिसा, सगळं गेलं. देव म्हणतो, "हो गं बाई, दोन दिवस म्हणजे दोन दिवस."

२६ फेब्रुवारी, शनिवार

दुसऱ्या मजल्यावरच्या जन्नतकडे सासरे आलेत, रत्नागिरीहून. इनायतचाचा. ईद करून, जूनमध्ये परत जाणार. मी बाटली घेऊन गेले तर आधी माझी परीक्षा घेतली. आत काय, किती दिवसांचं, झाकण कधी लावलं.

म्हणाले, "आम्ही पण खजूर भिजवतो. नबीज. फार तर दोन दिवस. पुढे गेली तर ओतून टाकायची, मग ती प्यायची नाय."

मी म्हटलं, "चाचा, माझाही नियम तोच आहे."

"मग दे."

एक ग्लास प्यायले, ढेकर दिला, म्हणाले, "सोलकढीच्या खालोखाल." जन्नत हसून हसून बेजार. या शहरात माझी एकच मैत्रीण आहे, ही. तिला डोहाळे लागले तेव्हा मी आंबोशी शोधत अख्खं दोहा पालथं घातलं होतं. मला कोविड झाला तेव्हा दाराबाहेर तांदळाची भाकरी आणि माशाचं कालवण ठेवून जायची. गोळ्यांपेक्षा त्यानेच बरी झाले असं मी देवला म्हणते.

१ एप्रिल, शुक्रवार

वर्ल्ड कपचा ड्रॉ. सगळी बिल्डिंग टीव्हीला चिकटलेली. देवच्या कंपनीने स्टेडियमच्या कूलिंगचं काम केलंय, त्यामुळे त्याची छाती फुगलेली. मॅचच्या दिवसांत ऑफिसातल्या सगळ्यांना घरी बोलवायचं म्हणतो. "अशी पार्टी करू की लक्षात ठेवतील." मी म्हटलं, पन्नास पुरणपोळ्या करीन. तो नुसता हसला.

उद्यापासून रमजान. चाचांना रोजा सोडताना आल्याचं पाणी हवंय. पोटाला बरं पडतं म्हणतात.

१६ एप्रिल, शनिवार

रोज संध्याकाळी एक बाटली खाली जाते. गार्गी नेऊन देते. तिच्या तोडक्या मराठीची आणि चाचांच्या कोकणीची गंमत चालते. आज त्यांनी तिला "आल्याची डॉक्टरीण" म्हटलं. घरी येऊन विचारते, "मम्मा, डॉक्टरीण मीन्स लेडी डॉक्टर, ना?" खूश होती.

मीही. इतक्या वर्षांनी मला इथे काहीतरी येतं असं वाटतंय.

२ मे, सोमवार. ईद

दुपारी जन्नतकडे जेवण. गार्गीने फ्रिजमधून बाटल्या काढून पिशवीत भरल्या. मी सगळा वेळ जन्नतबरोबर स्वयंपाकघरात – शीरखुर्मा, बिर्याणी, सांदणं. बाहेर पुरुषमंडळी. जन्नतचा नवरा मजीद बराच वेळ खाली पाहुण्यांना पोचवत होता.

चाचांना म्हणे उन्हाचा त्रास झाला. चेहरा लाल झाला, उठताना भिंतीला हात लावला, मग आडवेच झाले. आम्ही लवकर निघालो.

३ मे, मंगळवार

जन्नत वर आली. आत आली नाही. दारातच उभी. हातात अर्धी बाटली, लेबल आमचंच.

"आसावरी, यात काय होतं?"

"तेच. नेहमीचं."

"अब्बांची काल असरची नमाज चुकली. ईदच्या दिवशी. उभं राहता येत नव्हतं त्यांना. ते म्हणतात हे ऊन नाही."

मला रागच आला. चाचांनी असा संशय घ्यावा? मी म्हटलं, "जन्नत, गार्गीची शपथ. दोन दिवसांच्या वर एकही बाटली माझ्या घरातून बाहेर जात नाही."

तिने माझ्याकडे नीट बघितलं. "तू शपथ घेतलीस म्हणजे झालं," म्हणाली. बाटली माझ्या हातात देऊन गेली.

मग मी ती उघडली.

गोडवा नावाला नाही. कोरडी. घशाखाली ऊब उतरत गेली. हायड्रोमीटर घालून बघितला, पण खरं तर गरज नव्हती. एमएस्सी आहे मी. ही तीन-चार आठवड्यांची होती, आणि आपल्या बरणीतल्या यीस्टचं हे काम नाही.

५ मे, गुरुवार

कामवालीची म्हणून असलेली छोटी खोली. आम्ही तिथे बॅगा ठेवतो. बॅगांच्या मागे कूलरचे दोन मोठे जार. तोंडाला फुगे. गार्गीच्या वाढदिवसाचे निळे फुगे. बाजूला भरलेल्या बाटल्या, सगळ्यांवर तेच हसरं आलं.

देव ऑफिसातून येईपर्यंत तिथेच बसून राहिले.

वाइनचं यीस्ट. पुण्याहून कोणीतरी बॅगेतून आणून दिलं. जानेवारीपासून चालू आहे. वर्ल्ड कपच्या पार्टीसाठी. मॅनेजरला कबूल करून बसलाय! "घरात केली, कोणाला कळतंय? तुला सांगितलं असतं तर तू करू दिलं नसतंस."

अर्थातच करू दिलं नसतं.

"आणि चाचांकडे कशी गेली?"

तो एका बाटलीवरचं लेबल बघायला लागला. मग म्हणाला, "यातल्या काही फ्रिजमध्ये ठेवल्या होत्या, गार्गीने चुकून त्या उचलल्या असणार. लेबलं सारखीच आहेत ना."

म्हणजे गार्गीलाही माहीत होतं. जानेवारीपासून. फुगे तिनेच लावले. साखर तिनेच मोजली – मी शिकवलेल्या पद्धतीने! तिला बोलावलं. रडत होती. म्हणाली, "आय एम सॉरी, मम्मा. इट वॉज मी. मी राँग बॉटल्स घेतल्या." आणि मग, "हे बाबांचं आणि माझं सीक्रेट होतं."

मला वाटत होतं हे तिघांचं आहे.

६ मे, शुक्रवार

सगळं बाथरूममध्ये ओतलं. जार, बाटल्या, आणि माझी बरणीसुद्धा. देव दारात उभा राहून म्हणाला, "निदान बरणी तरी ठेव. तिचा काय दोष?" मी नळ सोडला. घरभर आंबूस वास. खिडक्या उघडल्या, बाहेरून रस्त्याच्या कामाची धूळ आत.

संध्याकाळी गार्गीला घेऊन जन्नतकडे गेले. खरं ते सांगायचं ठरवलं होतं, सांगितलं. गार्गी चाचांच्या समोर खाली बसली. पाठ केल्यासारखं मराठीत म्हणाली, "चाचा, माझ्याकडून चूक झाली. मला माफ करा." चाचा तिच्याकडे बघत राहिले. मग माझ्याकडे. मग दाराकडे – देव आला नव्हता. डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "ऊठ पोरी. तुझ्यावर राग नाय."

जन्नत मात्र खोलीतून बाहेर आली नाही. मजीदने निरोप सांगितला: मुलीची शपथ घेऊन खोटं बोललीस, असं ती म्हणते.

मी खोटं बोलले नव्हते. मला खोटं पाडलं गेलं. पण ऐकणाऱ्याला त्यात काय फरक?

७ मे, शनिवार

गार्गीशी बोलत नाही. जमतच नाही. देवशी बोलते – भाजी, लाँड्री, इतकं.

२० मे, शुक्रवार

लिफ्टमध्ये जन्नत. छोट्या लेकीला घट्ट धरून उभी. "कशी आहेस?" विचारलं. "अलहम्दुलिल्ला," म्हणाली, आणि दुसऱ्या मजल्यावर उतरली. मी पाचव्यापर्यंत आरशात स्वतःकडे बघत गेले.

गार्गीला जवळ घेतलं आज. लेकरू आहे. बाबाने सीक्रेट ठेव म्हटलं, ठेवलं. चुकून बाटल्या उचलल्या. आईने किती दिवस तोंड फिरवायचं? खूप रडली. जेवली मात्र नाही. हल्ली ती नीट जेवतच नाही.

१० जून, शुक्रवार

चाचा गेले. मजीद त्यांना एअरपोर्टला सोडायला निघाला तेव्हा मी गॅलरीतून बघितलं. गाडीत बसण्याआधी त्यांनी वर बघून हात केला. मला की बिल्डिंगला, कळलं नाही.

३ सप्टेंबर, शनिवार

शहर ओळखू येत नाही. सगळीकडे झेंडे, रंगवलेल्या भिंती. आमच्या बिन महमूद भागातली भाडी तर विचारूच नका. समोरच्या बिल्डिंगमधल्या तीन कुटुंबांना घरं सोडायला लावली, पाहुण्यांना देणार म्हणे.

देव माझ्याशी फार चांगला वागतोय. रोज चहा करतो. परवा म्हणाला, "झालं गेलं विसरू या. मुलीकडून चूक झाली, आपण मोठे आहोत." मला वाटलं, बरोबर आहे. सीक्रेटबद्दल मात्र मी त्याला अजून माफ केलेलं नाही. तेवढं एक सोडलं तर संसार चालू आहे.

गार्गीने केमिस्ट्री सोडली. पुढच्या वर्षी घेणार नाही म्हणते. कारण सांगत नाही.

२६ ऑक्टोबर, बुधवार. पाडवा

सकाळी देवला ओवाळलं. त्याने कानातले दिले. मोत्याचे, सुंदर.

दुपारी रत्नागिरीहून फोन. नंबर ओळखीचा नव्हता.

"दिवाळी मुबारक, पोरी. इनायतचाचा बोलतो."

तब्येत, पाऊस, भातकापणी – इकडचं तिकडचं झालं. मग ते मुद्द्यावर आले.

"एक सांगायचं राहिलंय. मला वाटलं, कोणाचं घर मोडायचं पाप आपल्या माथी नको, म्हणून गप्प ऱ्हायलो. पण त्या लहान पोरीने माझ्यापुढे माफी मागितली आणि मी ती घेतली. ते काय मला झोपू देत नाय."

चाचांनी सांगितलं, ईदला गार्गीने आणलेल्या बाटल्या आधीच संपल्या होत्या. चांगल्या होत्या त्या, नेहमीच्या. मग देव "घरून आणतो" म्हणून वर गेला.

"त्याने स्वतः आणलान, स्वतः ओतलान. मी विचारलं, बाबा, किती दिवसांची? तो म्हणाला, दोन दिवसांचीच, चाचा. पिऊन सांगा कशी झालीय. मी पीत होतो आणि तो माझ्या तोंडाकडे बघत होता."

शेवटी ते म्हणाले, "जन्नतला आजच सांगितलं सगळं. तुझ्या लेकीला पण सांग. तिचं काय चुकलेलं नव्हतं."

स्वतःच्या हातची कशी जमली हे कोणाच्या तरी चेहऱ्यावर बघायचं होतं त्याला. बस, इतकंच. आणि नंतर ते मुलीवर ढकललं. मे ते ऑक्टोबर ती समोर झुरत होती आणि हा चहा करत होता.

कानातले काढून ठेवले. उद्या सकाळी देव कामावर गेला की गार्गीला सांगणार. तिच्या मनावरचं ओझं उतरेल. पोरीला वाटत असेल आपणच चुकलो.

२७ ऑक्टोबर, गुरुवार

सांगितलं. ती ब्रश करत होती. चूळ भरली. म्हणाली, "आय नो, मम्मा. मला माहीत होतं. बाबा म्हणाले, तू घे अंगावर, तुला मम्मा माफ करेल. मला नाही करणार."